पाठ फिरवल्यावर

चोर आहात तुम्ही. रस्त्यापलीकडच्या तुमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, काचेआड कप हातात धरून उभे असाल आत्ता, खाली बघत — बघा, पोटभर बघा, पण आधी ऐकून घ्या, चोर आहात तुम्ही... आणि अंगठ्याखाली कंट्रोलरची डावी दांडी, तिच्यावरचं रबर एका बाजूनं झिजून पार गुळगुळीत झालेलं, चघळून संपत आलेल्या गोळीसारखं, आणि आपण मनातल्या मनात पलीकडच्या मालकांशी भांडतोय हे लक्षात आलं तेव्हा तिनं दांडी सोडली. पडद्यावरचा माणूस थांबला. त्याच्यापुढे गुहेत चाललेलं ते निळसर, लांब शेपटीचं जनावरही थांबलं. तिनं माणसाला एक पाऊल पुढे नेलं, जनावर मागे सरलं. धावत नेलं, जनावर अंधारात दिसेनासं झालं. मग ओठ घट्ट मिटून, नको येऊस, मेल्या, नको येऊस, असं मनात घोकत तिनं माणसाला वळवलं, जनावराकडे पाठ करून उभं केलं. आता पडद्यावर माणसाचा चेहरा, आणि त्याच्या खांद्यामागे धूसर निळं काहीतरी... एक पाऊल. थांबा. अजून एक.

आलं.

दोन वर्षं. दोन वर्षं ही गोष्ट तिच्या एकटीच्या डोक्यात होती, मग तिच्या यंत्रात, मग तिच्या आणि मालकांच्या आणि शेजारच्या टेबलावर खेळाचे आवाज बसवणाऱ्या आवाजवाल्याच्या, आणि बाहेर कुठे म्हणजे कुठेच नव्हती. तिचं जनावर निळं नव्हतं, गवताच्या रंगाचं होतं, मान लांब, आणि ऑफिसात सगळे त्याला ‘लाजरं’ म्हणत. पण चाल तीच. पुढे गेलात तर पळेल, बघत राहिलात तर जागचं हलणार नाही, पाठ फिरवलीत तर जवळ येईल. जगातल्या प्रत्येक खेळात काहीतरी तुमच्या मागे लागतं आणि तुम्ही पळता. मी म्हटलं, उलटं करा. मी म्हटलं! आणि तुम्ही ते आज सकाळी बाजारात मांडलंत, माझ्याआधी, निळा रंग फासून.

खोलीत कोणी बोलत नव्हतं, आणि हे सगळ्यात वाईट होतं.

या कंपनीची जुनी रीत अशी, की पलीकडच्यांचा खेळ ज्या दिवशी येईल त्या दिवशी इकडे स्वतःच्या कामाला कोणी हात लावत नाही. सगळे मोठ्या खोलीत जमतात, जो तो आपल्या पडद्यापुढे बसून त्यांचा खेळ खेळतो, आणि मधल्या टेबलावर एक पितळी घंटा ठेवलेली असते, जुन्या लॉजच्या काउंटरवर असते तसली, वरून टिचकी मारायची. खोट सापडली की टण्. भिंतीतून हात आरपार गेला, टण्. पात्राची सावली चुकीच्या बाजूला पडली, टण्. या कार्यक्रमाला ‘फाडणी’ म्हणतात. मागच्या खेपेला दुपारपर्यंत घंटेची कळ खिळखिळी झाली होती आणि मालकांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं होतं. आज घंटा टेबलावर नुसती बसून होती, आमंत्रण नसताना आलेल्या पाहुण्यासारखी, आणि प्रत्येक जण पडद्यात नाक खुपसून... खेळत होता. फाडत नव्हता, खेळत होता.

“अगं,” आवाजवाला हेडफोन एका कानावरून सरकवत हळूच म्हणाला, “हे तर... चांगलंय गं.”

“तुला पगार कोण देतं?”

“पगार आपले मालकच देतात. पण चांगलंय.”

तो पुन्हा पडद्यात बुडाला. आणि तिला रडू यायला हवं होतं, निदान डोकं तरी भणभणायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर छातीत जे उडत होतं ते नुसता राग नव्हता. राग होता, चिक्कार होता, पण त्याच्या जोडीनं दुसरंही काही, लाज वाटावी असं, आनंदाच्या उकळीसारखं... जमतंय! हे जमतं! दोन वर्षं ती ज्यांना ज्यांना समजावत होती, की अहो, लोक पाठ फिरवून उभे राहतील, श्वास धरून उभे राहतील, आणि जे नाही नाही म्हणत मान हलवत होते, ते आत्ता या खोलीत पाठ फिरवून, श्वास धरून उभे होते. तो टकला चित्रकार, ज्यानं लाजऱ्याला ‘आजारी बकरी’ म्हटलं होतं, तो तोंड उघडं टाकून बसला होता. बघ, बघ रे टकल्या! असं ओरडावंसं वाटलं तिला. आणि मग आठवलं की हे तिचं नाही.

तिचं नाही, म्हणजे कोणाचं हे तिला ठाऊक होतं. पलीकडे पात्रांची हालचाल कोण बसवतं ते तिला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. सकाळीच जिन्यात भेटली होती.

नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, घरातलं नाव भिंगरी, कारण लहानपणापासून एका जागी ठरली तर शपथ. ती आणि सासूबाई वरच्या मजल्यावर, ही आणि नवरा खाली, जिना एकच. एका घरातल्या दोघी समोरासमोरच्या दोन कंपन्यांत, आणि दोघींनी तोंड बंद ठेवण्याच्या कागदांवर सह्या केलेल्या, म्हणून नवऱ्यानं कायदा केला होता, की जिन्याच्या पहिल्या पायरीशी चपलांसारखी कंपनी काढून ठेवायची. नवरा चष्म्याच्या दुकानात बसतो, भांडण त्याला सोसत नाही. “दोन देशांच्या मधला मी तटस्थ देश,” तो आज सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, “आणि गोळ्या दोन्हीकडून मलाच.” ती हसली नव्हती. पर्स खांद्याला अडकवून बाहेर पडली तर वरून भिंगरी दडदडत खाली, केस ओले, बूट हातात.

“वहिनी, आज रडू नकोस हं.”

“रडतील तुझे मालक. विक्री बघून.”

“लागली पैज?”

“पायात बूट घाल आधी.”

भिंगरी वाकून बूट घालायला लागली आणि तिचा चेहरा पांढराफटक दिसला, रात्रभर जागी असल्यासारखा, आणि क्षणभर वहिनीच्या मनात आलं की हिच्या डोक्यावर हात ठेवावा, पण कायदा होता. दुसऱ्या वळणावर पायरीत मावशी पसरली होती, जिन्यातली तांबूस मांजर, एक कान फाटलेला, सगळ्या इमारतीची मावशी. घाईत पर्सची कडी कठड्याला लागली, कठड्याचा तिथला खिळा सैल आहे म्हणून लोखंड खणखणलं, आणि मावशी वर पळाली. बस्स, एवढंच. एवढीच सकाळ.

आणि त्या मुलीनं... ‘रडू नकोस’ म्हणे! म्हणजे माहीत होतं तिला. ठाऊक होतं की संध्याकाळपर्यंत वहिनीचे दात घशात गेलेले असतील. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला निघाले होते, बावळट.

“तुला आत बोलावलंय,” कोणीतरी म्हणालं.

मालक खिडकीशी उभे होते, पट्ट्यांचा पडदा दोन बोटांनी फाकवून. रोज सकाळी आल्या आल्या ते हेच करतात, समोरच्याची खिडकी उघडली का बघतात. एके काळी दोघे भागीदार होते, एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून पहिला खेळ बनवला त्यांनी. पुढे फाटलं. का फाटलं हे दोघंही वेगवेगळं सांगतात, आणि दोघंही इतक्या तपशिलात सांगतात की खरं कोणाचंच वाटत नाही. मालक वळले तेव्हा तिला वाटलं होतं चेहरा पडलेला असेल. चेहरा फुलला होता. कान लाल झाले होते आनंदानं.

“बस, बस. पाणी पी. तुझं जनावर त्यांच्या घरात चालतंय!”

“बघितलं मी.”

“कित्येक वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय. तो चोर आहे हे मला ठाऊक होतं, पण दाखवू काय? आता दाखवतो.” ते टेबलाच्या कडेवर टेकले. “तुझी नणंद तिकडेच ना?”

“हो.”

“राहते कुठे?”

“आमच्या वर.”

“म्हणजे डोक्यावरच!” ते स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसले. “हे बघ, एक वाक्य. घरी जेवताना बोलणं झालं होतं. तू सहज बोललीस, तिनं ऐकलं, तिकडे जाऊन सांगितलं. बस्स. पुढचं मी आणि वकील बघतो.”

“असं बोलणं झालं नाही कधी.”

“आठव.”

“आणि नाहीच आठवलं तर?”

मालक कडेवरून उठले, खुर्चीत जाऊन बसले, आणि आवाज एकदम साधा झाला. “तर लाजरं काढून टाक. त्यांच्यानंतर आपण तेच आणलं तर लोक आपल्याला नकल्या म्हणतील. त्याच्या जागी मागे लागणारं काहीतरी घाल. दात असलेलं. लोकांना पळायला आवडतं.”

“लाजरं काढलं तर त्या खेळात राहतं काय?”

“खेळ राहतो. वकील उद्या सकाळी येतोय, तेव्हा उत्तर दे.”

आठव. किती साधा शब्द... आणि मन किती आज्ञाधारक, बाहेर येऊन खुर्चीत बसायच्या आतच ते आठवायला लागलं सुद्धा. एक सुट्टीची दुपार. वर, सासूबाईंकडे, जेवणं झालेली, ताटं तशीच. हिच्या हातात मिठाची बाटली. समोर मिरपुडीची. मिठाची बाटली पुढे सरकवायची, मिरपुडीची मागे... असं केलं होतं का मी? हात आपोआप चालतात माझे, नवरा म्हणतो, झोपेतही बोटं हलतात. आणि समोर भिंगरी, संत्रं सोलत... बघत होती का ती? मिठाची बाटली मी वळवली होती का? बाटलीला पाठ कुठे असते! पण वळवली असेन. लेबल पलीकडे गेलं असेल. भिंगरीच्या हातातली फोड तशीच राहिली असेल... बघता बघता ती दुपार भरत गेली, उन्हाचा तुकडा आला, सालांचा वास आला, आणि तिला कळेना की हे सापडतंय की बनतंय. आयुष्यभर ती हेच करत आली होती, नसलेल्या खोल्या इतक्या नीट बनवायच्या की माणसानं दाराला हात घालावा. एक वाक्य. लाजरं वाचतं. आणि ती मुलगी... तिची नोकरी जाईल, नाव जाईल, या धंद्यात तिला पुन्हा कोणी उभं करणार नाही. जाऊ दे! चोरी केली नसती तर गेली असती का?

केलीच असेल कशावरून? गप्प बस.

तिनं आवाजवाल्याचे मोठे हेडफोन ओढून घेतले. आता खेळणार नाही, आता फाडणार. गुहेच्या तोंडापासून पुन्हा सुरू. माणूस चालला, जनावर पुढे. भिंती घासून बघितल्या, कोपरे बघितले, पाणी बघितलं, एकही शिवण उसवेना. काय काम केलंय पोरीनं! शेपूट आधी थांबतं, मग मागचे पाय, मग डोकं, आणि डोकं थांबल्यावरही कान क्षणभर फिरत राहतो... हे मला जमलं नव्हतं. हे मला सुचलंच नव्हतं. उद्या... नाही, उद्या नाही. उद्या वकील. तिनं माणसाला वळवलं. पाठ. श्वास धरला. मागून पावलं आली, मऊ, एकेक, दगडावर पंजा टेकल्यासारखी, आणि त्या पावलांच्या तळाशी, अगदी खाली, कोणी मुद्दाम कान दिल्याशिवाय ऐकूच येणार नाही असं...

खण्ण.

तिनं खेळ थांबवला. मागे नेला. पुन्हा पाठ, पुन्हा पावलं.

खण्ण.

गुहा. दगड, पाणी, अंधार. या खेळात लोखंड कुठेच नाही, खिळा नाही, साखळी नाही, भांडं नाही. तात्पुरता आवाज! या धंद्यात सगळे करतात, खरा आवाज तयार होईपर्यंत जवळपास जे मिळेल ते टिपून लावून ठेवायचं, पुढे बदलायचं असं म्हणायचं, आणि बदलायचं राहून जातं. पलीकडच्यांनी बदललं नाही. खोट. दिवसातली पहिली खोट! तिचा हात उठला, मधल्या टेबलाकडे गेला, खोलीतल्या सगळ्या माना एकदम वळल्या, टकल्यानं हातातलं टाकून टाळीसाठी पंजे उघडले... आणि बोटं घंटेच्या वर, टिचकीभर अंतरावर, तशीच राहिली.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. हिच्या लाजऱ्याच्या पावलांखालीही तोच आवाज होता, जाता-येता हिनंच फोनवर टिपलेला, तात्पुरता, गेलं वर्षभर, आणि आवाजवाला रोज तिच्या नावानं ओरडत होता की ती तुझी खणखण काढ म्हणून. दुसऱ्या वळणावरचा कठडा. सैल खिळा.

म्हणजे सापडलं! पुरावा! मालकांना वाक्यसुद्धा नको, त्यांच्या खेळात आपला आवाज, मिठाची बाटली नको, संत्रं नको, फक्त या घंटेवर एक टिचकी... आणि त्याच वेळी पडद्यात थांबवायचं राहिलेलं ते जनावर अजून पावलं टाकतच होतं, आणि कानात, खणखणीच्या मागून, त्याहून हलकं, जिभेचं टाळूवर आपटणं आलं. च् च् च्. मग अर्धवट कापलेला श्वास, हसू दाबल्यासारखा. भिंगरीचा.

माझ्याकडून घेतलेला आवाज नाही हा. मी टिपलेल्यात ती चुचकार नाही. भिंगरी स्वतः बसली होती त्या कठड्याशी.

आणि मग एखादं दार बाहेरून ढकलावं तसं काहीतरी उघडलं, आणि आत सुट्टीची दुपार नव्हती, मीठ नव्हतं, जिना होता. मावशी! दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ, मालकांनी सगळ्यांसमोर फाडून खाल्लेलं, घरात शिरावंसं वाटत नव्हतं म्हणून ती दुसऱ्या वळणावर पायरीत बसली होती. वर मावशी. हात पुढे केला, मावशी वर सरकली. बघत राहिली, मावशी दगड झाली. शेवटी मर म्हणून तिकडे पाठ केली, गुडघ्यात डोकं घातलं... आणि थोड्या वेळानं पाठीला ऊब लागली. त्याच रात्री तिनं लाजऱ्याची पहिली चाल बसवली होती. आणि दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, हे माझ्या डोक्यातून आलं, माझ्या एकटीच्या डोक्यातून, आणि सांगता सांगता मांजर विसरूनही गेली होती. माझं म्हणे!

आणि भिंगरी. गेल्या वर्षी कितीतरी संध्याकाळी ती वर जायच्या आधी जिन्यात रेंगाळायची. दारातून तिचं बोलणं ऐकू यायचं, लाडीक, हळू, “ये ना... रागावलास? बरं, नाही बघत मी तुझ्याकडे, जा.” फोनवर असणार! घरात केवढी चर्चा. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवायची तेवढी बाकी होती. नवरा म्हणाला, मुलगा काय करतो विचार. हिनं चेष्टेनं विचारलंही होतं, आणि भिंगरी लाल झाली होती, आणि सगळ्यांना खात्री पटली होती... मांजराशी बोलत होती मूर्ख मुलगी! आणि मांजराला ‘रागावलास’ म्हणत होती, तिच्या खेळातल्या नर जनावराचं पात्र डोक्यात घेऊन. हिला इतकं हसू आलं की ओठ चावावे लागले.

“वाजव की,” टकला म्हणाला. “काय सापडलं?”

“काही नाही.”

“अगं, हात तर...”

“मुंगी होती टेबलावर.”

माना परत वळल्या, नाराज. आवाजवाल्यानं तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून आपल्या कानाला लावले, थोडा वेळ ऐकलं, मग तिच्याकडे न बघता विचारलं, “गुहेत लोखंड कुठून आलं गं?”

“पाण्याचा थेंब असेल.”

तो आवाजवाला होता. थेंब कसा वाजतो हे त्याला शिकवायला नको होतं, आणि ती खणखण कोणाची हे तर मुळीच नको होतं.

“असेल,” तो म्हणाला, आणि हेडफोन गळ्यात घालून चहा आणायला उठून गेला.

उद्या वकिलानं विचारलं तर तो ‘असेल’ असंच म्हणेल का? ...आणि माझ्या यंत्रातली खणखण? ती आजच काढली तर? काढायची म्हणजे पुरावा बुडवायचा. ठेवायची म्हणजे कोणीतरी कधीतरी ऐकणार, दोन्ही खेळ शेजारी ठेवून ऐकणार, आणि म्हणणार, चोर. मग चोर मी की ती, हे ठरवणार कोण? ज्याचा वकील मोठा तो. खरा पुरावा आणि खोटं वाक्य, दोन्ही एकाच बोटात, आणि ते बोट तिनं दिवसभर मुठीत धरून ठेवलं.

पण घरी चालत निघाली तेव्हा, हे कोणाला सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील, ती पळत होती. पायाखाली रस्ता उडत होता. कारण वकील, मालक, नोकरी हे सगळं डोक्याच्या एका बाजूला ओरडत असताना दुसऱ्या बाजूला तिला दिसलं होतं की भिंगरीचं काय चुकलंय. निळं जनावर येतं, माणसाच्या पाठीला नाक लावतं, आणि टिंग! वरून सोन्याचा तारा पडतो. बक्षीस. जनावर म्हणजे नाणं टाकायचं यंत्र करून टाकलं! अगं, मावशीनं कधी काही दिलं का? ती येते, आपल्याकडे पाठ करते, आणि बसते. पाठीला पाठ. बस्स. आणि तेवढ्यानं भागतं माणसाचं. लाजऱ्याचा शेवट तिला दोन वर्षं सापडत नव्हता, जवळ आल्यावर त्यानं करायचं काय, चाटायचं, बोलायचं, पाठीवर बसवून न्यायचं, सगळं करून बघितलं, सगळं खोटं. काही करायचं नाही त्यानं! बसायचं. खेळणारा हलला की उठून जाईल, हे खेळणाऱ्याला ठाऊक. किती वेळ बसशील बाबा? बस हवं तेवढं! हे माझं. हे तरी माझं... पण त्यांचा तारा बघितला नसता तर सुचलं असतं का? नसतं. मग हे कोणाकडून घेतलं मी? मालक, आठवून सांगू का तुम्हाला?

जिन्यात दिवा लागलेला होता. दुसऱ्या वळणावर ती बसली, पर्स मांडीवर, वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून. मावशी वर कुठेतरी होती, दिसली नाही, बघायचंच नव्हतं. खालून पावलं आली, दडदड नव्हती, ओढत ओढत आली, आणि बॅग कठड्याला लागली. खण्ण. दोघींनी एकदम एकमेकींकडे बघितलं.

भिंगरी एक पायरी खाली बसली, भिंतीला टेकून. बूट काढले. कायदा होता, म्हणून ते पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवले.

“वहिनी,” ती शेवटी बुटांना म्हणाली, “घंटा वाजली?”

आमच्या घंटेचं यांना ठाऊक होतं तर! रस्त्यापलीकडे बसून दिवसभर त्या घंटेची वाट बघत होती पोर.

“नाही.”

“एकदापण?”

“एकदापण.”

भिंगरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय हे तिलाही कळत नसावं, आणि वहिनीच्या छातीत पुन्हा ते उकळलं, राग नाही, राग संपलेला नव्हता पण तो आता या पायरीवर नव्हता.

“शेवट चुकलाय तुझा,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.” हातांच्या आडून. “मी नुसतं बसवलं होतं त्याला. पाठ करून. मालक म्हणाले, मग लोकांना मिळतं काय? तारा टाक. नाही तर जनावर काढ.”

नुसतं बसवलं होतं... म्हणजे तेही तिचं आधी. म्हणजे तेही मावशीचं. आणि तिकडच्या खिडकीतलं ते वाक्य आणि इकडच्या खिडकीतलं वाक्य, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून लिहिल्यासारखं. सकाळपासून मी समोरच्या काचेकडे बघून शिव्या घातल्या, आणि पाठ कोणाकडे होती माझी?

वकिलाचं सांगावं. आत्ता, याच क्षणी सांगावं हिला, की उद्या सकाळी तुझं नाव घ्यायला लावणारेत मला. ती तोंड उघडणार तेवढ्यात भिंगरीनं ओलं बोट वर केलं, हलू नकोस अशी खूण केली, आणि डोळे मुद्दाम भिंतीकडे वळवले. वरून पावलं येत होती. मऊ, एकेक. वहिनीनं मान वळवली नाही. श्वास धरला. पाठीला ऊब लागली.

ऐका, मालक. तुम्ही इकडचे आणि तुम्ही तिकडचेही, दोघंही ऐका, पडदा फाकवून बघत असाल तर बघतच ऐका. उद्या सकाळी मला प्रश्न विचारला जाणार आहे, पण आधी माझा एक आहे, आणि तो मी तुमच्याकडे पाठ करून नाही, तोंडावर विचारणार आहे, वकिलासमोर, टकल्यासमोर, हवं तर घंटेवर हात ठेवून. ही जी आत्ता माझ्या पाठीला पाठ लावून बसली आहे, आणि मी हलले तर जी उठून जाणार आहे, ती तुमच्यापैकी कोणाची? इकडची की तिकडची? बोट दाखवून सांगा. मी बसले आहे इथे, हलत नाही. द्या उत्तर.